देवनहळ्ळीच्या माळावरचं निवृत्तांचं गाव

बंगळुरूच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर देवनहळ्ळी आहे. २००८ साली शहराचं नवं विमानतळ या तालुक्यात आलं आणि तेव्हापासून दरवर्षी कोट्यवधी प्रवासी देवनहळ्ळीच्या जमिनीवर उतरू लागले. उतरले की ते लगेच दक्षिणेची वाट धरून शहरात जातात. देवनहळ्ळीत मुक्कामाला थांबणारा विरळाच. गेल्या काही वर्षांत मात्र इथे कायमच्या मुक्कामाला माणसं येऊ लागली आहेत. साठी-सत्तरी ओलांडलेली, नोकरी-व्यवसायातून मोकळी झालेली, मुलं परगावी किंवा परदेशी असलेली ही मंडळी. ब्रिगेड ऑर्चर्ड्स, ओझोन अर्बाना यांसारख्या मोठ्या वसाहतींमध्ये ज्येष्ठांसाठी वेगळ्या इमारती उभ्या राहिल्या आणि ‘सीनियर लिव्हिंग’ हा शब्द या भागात सगळ्यांच्या ओळखीचा झाला.

माझी मावशी आणि काका सोलापूरचं घर विकून अशाच एका वसाहतीत राहायला गेले. त्यांच्याकडे जाऊन राहिलो, हिंडलो, तिथल्या माणसांशी बोललो. वसाहतीचं नाव इथे देत नाही, कारण कुणाची जाहिरात करायची नाही आणि जे पाहिलं ते थोड्याफार फरकाने अशा कोणत्याही वसाहतीत दिसेल. म्हातारपणी राहायचं कुठे आणि कुणाबरोबर, हा प्रश्न आज बहुतेक मराठी घरांच्या उंबऱ्यावर येऊन उभा आहे. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्रात दर शंभरांत जवळपास दहा. २०३६पर्यंत देशातला हा आकडा २२ कोटींच्या वर जाईल असा सरकारी अंदाज आहे. म्हणून देवनहळ्ळीचा हा प्रवास एका कुटुंबाच्या भेटीपुरता न ठेवता नीट पाहून लिहावा असं वाटलं.

तांबड्या मातीचा मुलूख

सोलापूरहून जायला उद्यान एक्सप्रेस सोयीची. मुंबईहून निघालेली ही गाडी पुणे, सोलापूर, कलबुर्गी, गुंटकल करत दुसऱ्या दिवशी सकाळी येलहंक्याला येते. देवनहळ्ळीला जाणाऱ्याने बंगळुरूच्या मुख्य स्थानकापर्यंत न जाता इथेच उतरावं. येलहंक्याहून चिक्कबळ्ळापूरकडे जाणारा शंभर वर्षांपूर्वीचा रेल्वेमार्ग आहे. दोड्डजाला, देवनहळ्ळी, अवतीहळ्ळी, नंदी हॉल्ट अशी त्यावरची जुनी टुमदार स्थानकं अजून उभी आहेत. २०२१च्या जानेवारीत याच मार्गावर विमानतळासाठी एक थांबाही सुरू झाला. गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे बहुतेक लोक बसने किंवा टॅक्सीने राष्ट्रीय महामार्ग ४४वरून येतात.

महामार्ग सोडला की मुलूख बदलतो. तांबडी माती, मधूनच वर आलेले काळे-करडे ग्रॅनाइटचे खडक, नाचणीची शेतं, निलगिरीच्या राया, ‘बंगळूर ब्लू’ या जांभळ्या द्राक्षांचे मांडव, गुलाबांची हरितगृहं. समुद्रसपाटीपासूनची उंची नऊशे मीटरच्या आसपास, त्यामुळे एप्रिल-मे सोडला तर हवा सुखद. संध्याकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. सोलापूरच्या उन्हाळ्यात आयुष्य काढलेल्या काकांना या हवेचं सर्वांत जास्त अप्रूप आहे.

पाण्याची गोष्ट निराळी. उत्तरेला दिसणाऱ्या नंदीच्या डोंगररांगेत अर्कावती, पालार, उत्तर आणि दक्षिण पिनाकिनी अशा नद्यांचे उगम सांगितले जातात, पण बारमाही वाहणारी एकही नदी या मुलखाच्या वाट्याला आलेली नाही. पूर्वजांनी गावोगाव तळी बांधून पावसाचं पाणी अडवलं, आणि शेती त्या तळ्यांवर जगली. पुढे विंधनविहिरी आल्या, निलगिरी आली, शहर वाढलं, तळी कोरडी पडली. आज इथे हजार फुटांखाली जाऊनही बोअरला पाणी लागेल याची खात्री नसते. बंगळुरूच्या हेब्बाळ आणि नागवार खोऱ्यातलं सांडपाणी शुद्ध करून चिक्कबळ्ळापूर आणि बंगळुरू ग्रामीण जिल्ह्यांतली तळी भरण्याची योजना सरकारने राबवली आहे. त्यामुळे काही तळ्यांत पुन्हा पाणी दिसू लागलं. हे पाणी पिण्यासाठी नाही, जमिनीत मुरावं म्हणून आहे.

वसाहतीत शिरल्यावर याची आठवण जागोजागी होते. वापरलेलं पाणी शुद्ध करून बागेला आणि संडासाच्या टाक्यांना जातं, छतावरचं पाणी टाकीत उतरतं, आणि उन्हाळ्यात टँकर किती आले याचा हिशेब दर आठवड्याला सर्वांना कळवला जातो. २०२४च्या मार्चमध्ये बंगळुरूत पाण्याची टंचाई देशभर गाजली. तेव्हा इथल्या आज्या-आजोबांनी स्वतःच धुण्याचे वार ठरवून घेतले होते.

वाळवंटातलं मूळ गाव

निवृत्तांसाठी वेगळं गाव वसवण्याची कल्पना अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात मोठी झाली, तीही खऱ्या वाळवंटात. फीनिक्स शहराजवळच्या कपाशीच्या शेतांवर डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी ‘सनसिटी’ लोकांसाठी खुली केली. नमुन्याची काही घरं, दुकानं, करमणूक केंद्र आणि गोल्फचं मैदान एवढीच तयारी होती. पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास लाखभर माणसं बघायला लोटली. तिथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो, देवनहळ्ळीच्या एक चतुर्थांश. आज सनसिटीत चाळीस हजारांच्या आसपास माणसं राहतात आणि लाकूडकामापासून नाट्यप्रयोगापर्यंत शंभराहून अधिक मंडळं चालतात. निवृत्ती म्हणजे पडून राहणं ही समजूत मोडण्यात या गावाचा वाटा मोठा आहे.

या गावाची दुसरी बाजूही जाणून घ्यावी अशी आहे. घरात निदान एक माणूस पंचावन्न वर्षांचं असलंच पाहिजे आणि लहान मुलांनी कायम राहायचं नाही, असा तिथला दंडक. शेजारच्या गावांबरोबर शाळांचा खर्च वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा सनसिटीकरांनी शाळांसाठीच्या कर्जरोख्यांच्या विरोधात वारंवार मतदान केलं, आणि अखेर हा भाग त्या शाळा जिल्ह्यातून वेगळा काढावा लागला. आपली नातवंडं तिथे शिकत नाहीत, मग आपण पैसे का द्यायचे, हा विचार त्यामागे होता. कुंपण घातलेलं म्हातारपण कुठवर जाऊ शकतं याचं हे उदाहरण आहे, आणि देवनहळ्ळी पाहताना ते माझ्या मनात सतत होतं.

महाराष्ट्रात हा विचार एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजू लागला. पुण्यात परांजपे बिल्डर्सच्या ‘अथश्री’ वसाहती झाल्या, नेरळला डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांची वसाहत उभारली. अथश्री पुढे बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागातही पोचली. अमेरिकेत गेलेली आपली पहिली पिढीही आता निवृत्त झाली आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा ‘उत्तररंग’ हा उपक्रम त्यांच्यासाठीच आहे. फ्लोरिडात भारतीय जेवण आणि देवघरासह ‘शांतिनिकेतन’ नावाची निवृत्तांची वसाहतही आहे. वृद्धाश्रम या शब्दाला आपल्याकडे टाकून दिल्याचा डाग आहे. या नव्या वसाहतींत माणसं स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या निर्णयाने जातात, हा त्यांच्यातला मोठा फरक.

दिवस कसा जातो

इमारती तीन-चार मजली. प्रत्येक जिन्याशेजारी उतार, स्ट्रेचर मावेल एवढी लिफ्ट, दारांना उंबरा नाही, न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगाशेजारी आणि संडासात ओढायची दोरी. दोरी ओढली की परिचारिकेच्या खोलीत घंटा वाजते. स्वयंपाकघर घरात आहेच, पण बहुतेक जण दोन्ही वेळ सामायिक जेवणघरात येतात. मावशी म्हणाली, “अरे, पन्नास वर्षं रोज सकाळी उठून आज भाजी काय करू हा विचार केला. तो विचार डोक्यातून गेला, हेच माझं पेन्शन.”

जेवणघराच्या दाराशी एक भला मोठा नोटीस बोर्ड आहे, आणि या गावाचं खरं वर्तमानपत्र तेच. मी गेलो त्या आठवड्यात त्यावर होतं ते असं: सोमवारी रक्तदाब आणि साखर तपासणी, उपाशीपोटी यावे. मंगळवारी कन्नड वर्ग, नव्यांसाठी. बुधवारी बाजाराची बस. गुरुवारी ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीवर व्याख्यान, फोन बरोबर आणावा. शुक्रवारी जुना चित्रपट, या वेळी कन्नड, डॉ. राजकुमारांचा. शनिवारी भजन, रविवारी हाऊझी. खाली लहान अक्षरांत: एक चष्मा सापडला आहे, सोनेरी काडीचा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना पणती झाली, पेढे जेवणघरात. आणि कोपऱ्यात काळ्या चौकटीत एक फोटो, नाव आणि दोन तारखा.

हा बोर्ड कोण लिहितं, हे मी विचारलं. रहिवाशांचीच समिती. सुरुवातीला व्यवस्थापनाने नेमलेली एक तरुण मुलगी कार्यक्रम ठरवायची. फुगे, टोप्या, संगीतखुर्ची असं काहीतरी व्हायचं आणि चार-सहा जण यायचे. मग काही मंडळींनी पुढाकार घेऊन ते काम आपल्याकडे घेतलं. आता प्रत्येक कार्यक्रमापुढे तो चालवणाऱ्या रहिवाशाचं नाव असतं. साखर तपासणीच्या नोंदी एक निवृत्त बँक अधिकारी ठेवतात, वर्षभराचा आलेख काढून डॉक्टरांना देतात. बंगळुरूच्या एचएमटी कारखान्यात घड्याळं जुळवण्यात हयात गेलेले एक गृहस्थ करमणुकीच्या खोलीत टेबल मांडून बसतात. त्यांच्यापुढे चावीच्या घड्याळांची रांग असते. कारखाना बंद झाला, त्यांचं काम थांबलं नाही. कन्नड वर्ग घेते माझी मावशी. सोलापूरच्या घरात आणि शेजारात कन्नड कानावर पडतच ती मोठी झाली. उत्तरेकडून आलेल्या मंडळींना भाजीवालीशी, परिचारिकेशी, बसच्या वाहकाशी बोलता येत नाही म्हणून त्यांचा जीव कोंडत होता. मावशीने आपण होऊन वर्ग सुरू केला. शाळेत कधी न शिकवलेली ही बाई सत्तरीत शिक्षिका झाली आहे.

सणांना तर इथे तोटा नाही. गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी. एकीकडे गुढी उभी राहते, दुसरीकडे कडुनिंब आणि गुळाचा ‘बेवु-बेल्ला’ वाटला जातो, आणि तो आपल्या पाडव्याच्या प्रसादाचा सख्खा भाऊ आहे हे दोन्हीकडच्या आज्यांना कौतुकाने पटतं. एक नोव्हेंबरला राज्योत्सवाचा पिवळा-तांबडा झेंडा. गणपती मातीचा, विसर्जन पिंपात.

रात्री आठला जेवणघर रिकामं होतं, कारण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळ झालेली असते. घरोघर व्हिडिओ कॉल लागतात. देवनहळ्ळीत अशा वसाहती का झाल्या याचं कारणही यातच आहे. जमीन शहराच्या मानाने स्वस्त होती, हवा चांगली होती, पण सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विमानतळ अर्ध्या तासाच्या आत होतं. सिएटलहून निघालेली मुलगी विमानातून उतरली की शहराच्या वाहतुकीत न अडकता आईच्या दाराशी पोचते. आनंदाच्या वेळी याचं महत्त्व कळतंच, पण आईचा किंवा वडिलांचा शेवटच्या घटका सुरू असताना ते अधिक कळतं. तिथल्या काही मुलांना केवळ या अर्ध्या तासामुळे निरोप घेता आला, असं मला सांगण्यात आलं.

दुःखाची नोंद न घेता या गावाचं वर्णन पुरं होणार नाही. इथे मरण वारंवार येतं. जोडीतला एक गेला की दुसऱ्याच्या टेबलावर पहिले काही दिवस कोणी ना कोणी मुद्दाम जेवायला बसतं. हा अलिखित नियम आहे. स्मृतिभ्रंश ही दुसरी मोठी भीती. देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना तो असतो. बंगळुरूत नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्टसारख्या संस्था या आजारावर अनेक वर्षं काम करत आहेत, आणि तिथे पोलिसांच्या सहकार्याने १०९० ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही २००२ साली सुरू झाली. पण स्वतंत्र राहण्यासाठी बांधलेल्या बऱ्याच वसाहतींत विसर पडू लागलेल्या माणसाची चोवीस तास काळजी घेण्याची सोय नसते. घर घेताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पुढे तोच सर्वांत अवघड होऊन बसतो.

किल्ला, बाजार आणि पपनस

बुधवारच्या बसने मावशीबरोबर देवनहळ्ळी गावात गेलो. परतीला ती कर्नाटक परिवहनच्या साध्या बसने येते, तिकिटाशिवाय. राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसने मोफत प्रवास देणारी ‘शक्ती’ योजना जून २०२३मध्ये सुरू झाली. इथला पत्ता आधार कार्डावर आल्यापासून मावशी तिचा हक्काने लाभ घेते. अनेक वृद्ध बायकांना या योजनेने घराबाहेर काढलं आहे हे त्या बसमध्ये बसल्यावर दिसतं.

गावात लंबगोल आकाराचा किल्ला आहे. १५०१ साली अवतीच्या घराण्यातल्या मल्लबैरे गौडाने तो मातीचा बांधला. अठराव्या शतकाच्या मध्याला म्हैसूरकरांनी तो जिंकला; हैदरअली आणि टिपूच्या काळात तो दगडी झाला. १७९१मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजांनी तो घेतला. टिपू सुलतानाचा जन्म देवनहळ्ळीचाच. किल्ल्याजवळ जन्मस्थानाची छोटी खांबांची चौकट उभी आहे. आत वस्ती आहे, वेणुगोपालस्वामींचं देऊळ आहे, आणि देवळापुढच्या ओट्यावर गावातले म्हातारे बसलेले असतात. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १६३८नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या कुटुंबांचे वंशज आजही शहरात आहेत.

बाजारात मावशीने पपनस घेतलं. इथे त्याला चक्कोता म्हणतात. देवनहळ्ळीच्या पपनसाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. गर गुलाबी, चव आंबटगोड, आणि कडवटपणा जवळजवळ नाही. जमिनीला विमानतळाचा भाव आल्यापासून बागा तुटल्या, आणि आता थोडीच झाडं उरली आहेत. वसाहतीतल्या मंडळींनी आवारात त्याची कलमं लावली आहेत. एक सूचना मात्र बोर्डावर कायमची आहे: कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर पपनस चालत नाही, डॉक्टरांना विचारून खावे. पपनसातली काही द्रव्यं शरीरात गोळीचा निचरा मंदावतात आणि औषधाचा जोर वाढतो. हे आपल्या घरच्या ज्येष्ठांनाही सांगण्यासारखं आहे.

ओट्यावरच्या म्हाताऱ्यांशी मावशीने मला बोलतं केलं. कर्नाटक सरकारच्या ‘संध्या सुरक्षा’ योजनेत पासष्टीपुढच्या गरीब वृद्धांना महिना १,२०० रुपये मिळतात. वसाहतीतल्या माणसाचा जेवणाचा आणि देखभालीचा महिन्याचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. याच तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीत (महसुली मंडळात) १३ गावांची १,७७७ एकर जमीन औद्योगिक वसाहतीसाठी घ्यायचं ठरलं, तेव्हा शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरण्यावर बसले. त्यांत म्हातारी माणसं पुष्कळ होती. जुलै २०२५मध्ये सरकारने ते भूसंपादन मागे घेतलं. भिंतीच्या आत आणि बाहेर एकाच वयाची माणसं किती वेगळं जगतात, हे देवनहळ्ळीत लपत नाही.

म्हणूनच मला या वसाहतीतला एक उपक्रम सर्वांत मोलाचा वाटला. दर शनिवारी सकाळी दहा-बारा ज्येष्ठ जवळच्या सरकारी शाळेत जातात. कुणी इंग्रजी वाचून घेतं, कुणी गणितं, एक आजी मुलींना शिवण शिकवतात. त्यांच्यासाठी शाळेत उंच पाठीच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. मुलं त्यांची वाट पाहतात. सनसिटीने जे दार बंद केलं ते इथे उघडं आहे, आणि ते उघडं ठेवण्यासाठी फक्त माणसं लागली, पैसे फारसे लागले नाहीत.

शंभरीचा इंजिनीयर

देवनहळ्ळीपासून उत्तरेला तासाभराच्या आत मुद्देनहळ्ळी आहे, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं गाव. वसाहतीतली मंडळी दरवर्षी १५ सप्टेंबरच्या, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या, सुमारास तिथे सहल नेतात. घर जपलेलं आहे, वस्तुसंग्रहालय आहे, समाधी आहे. मराठी प्रवाशाने हे गाव चुकवू नये, कारण विश्वेश्वरय्यांची घडण पुण्यात झाली. ते तिथल्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ साली इंजिनीयर झाले, मग मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे असे फिरले. पाणी ठराविक पातळीपर्यंत चढलं की आपोआप उघडणारी त्यांची दारं खडकवासल्याच्या धरणावर १९०३मध्ये बसवली गेली.

त्यांच्या उत्तरायुष्याकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही. ‘प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया’ हे पुस्तक त्यांनी १९३४ साली लिहिलं, सत्तरी ओलांडल्यावर. आठवणींचं पुस्तक नव्वदीच्या उंबरठ्यावर. बिहारात मोकामा इथे गंगेवर पूल कुठे बांधावा, हा सल्ला त्यांनी नव्वदी पार केल्यावर दिला. शंभर वर्षं पुरी करून ते १९६२ साली गेले. महर्षी कर्वेही त्याच वर्षी, एकशेचार वर्षांचे होऊन. उतारवयातल्या कामाचं एक उदाहरण विमानतळाच्या आवारातही दिसतं: तिथे बंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांचा १०८ फुटी पुतळा आहे. तो घडवणारे राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. २०२२मध्ये त्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच मागे टाकली होती. सगळ्यांनाच असं आयुष्य लाभत नाही हे खरं. पण हातात काम असलं की म्हातारपणाला आकार येतो, हे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांपासून विश्वेश्वरय्यांपर्यंत सारखंच लागू पडतं.

जाण्यापूर्वी

कुणी अशा वसाहतीत घर घेण्याचा विचार करत असेल, तर तिथल्या रहिवाशांनी मला जे सांगितलं ते इथे देतो. बिल्डरच्या गाडीने रविवारी बघायला जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, पाहुणाघरात राहा, जेवणघरात दोन्ही वेळ जेवा. रात्री रुग्णवाहिका आवारात असते का आणि जवळचं अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते विचारा. देवनहळ्ळीत वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, मोठी खासगी रुग्णालयं हेब्बाळच्या बाजूला आहेत. उन्हाळ्यात पाणी कुठून येतं ते विचारा. महिन्याचा देखभाल खर्च दरवर्षी किती वाढतो आणि तो वाढवण्याचा अधिकार कुणाचा, हे करारात वाचा. घर वारसांना मिळालं तरी त्यांना तिथे राहता येईल की विकावंच लागेल, हेही वाचा. अंथरुणाला खिळलो किंवा विसर पडू लागला, तर याच आवारात सोय होईल की दुसरीकडे जावं लागेल, याचं उत्तर लेखी घ्या.

केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या आधारे महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या अशा प्रकल्पांसाठी नियम घालून दिले: एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल असे रुंद दरवाजे, उतार, न घसरणाऱ्या फरश्या, धरायला दांडे. विक्रीकरारातच या गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत. अडचणीच्या वेळी देशभर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४पासून मिळू लागलं. त्याचं कार्ड काढून ठेवा.

आणि या सगळ्याच्या आधी तिथला नोटीस बोर्ड वाचा. कार्यक्रम कोण ठरवतं, किती जण स्वतः चालवतात, भिंतीबाहेरच्या गावाशी काही नातं आहे का, हे त्यावरून कळतं. पाय चालते आहेत, नव्या माणसांशी मैत्री करायची उमेद आहे, अशा वयातच जा. आजारपणाने ढकललं म्हणून गेलेल्यांना ही गावं फारशी मानवत नाहीत.

ज्यांना घर सोडायचं नाही किंवा परवडत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. देवनहळ्ळीत जे चांगलं पाहिलं त्यातलं बहुतेक सगळं विकत घ्यावं लागत नाही. महाराष्ट्रात गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत, शेजारी सरकारी शाळा आहेत. आपल्या सोसायटीच्या किंवा आळीच्या ज्येष्ठांनी एकत्र बसून येत्या सोमवारपासूनचा आठवडा ठरवावा, प्रत्येक वारापुढे एकेकाचं नाव लिहावं, आणि शनिवारची सकाळ शाळेतल्या मुलांसाठी राखून ठेवावी.